बारीक माणसाला कोलेस्टेरॉल नसतं?

‘अंगावर चरबी नाही, दम लागत नाही, म्हणजे कोलेस्टेरॉल ठीकच’ असं सांगणारा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तो पटतो, कारण वाढलेलं वजन डोळ्यांना दिसतं आणि कोलेस्टेरॉल दिसत नाही.

पण रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल आपलं यकृतच तयार करतं. ते किती बनेल आणि रक्तातून किती उचललं जाईल, यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा असतो. साधारण 250 जणांत एकाला जन्मतःच ते जास्त असतं, मग तो काडीपैलवान का असेना.

आता त्रास का जाणवत नाही ते बघू. एलडीएलचे, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल वाहून नेणारे, कण रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराखाली शिरून अडकतात. त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी येतात, गिळून गिळून फुगतात आणि तिथेच साचतात. असा थर चढायला दशकं लागतात. शिवाय वाहिनी सुरुवातीला बाहेरच्या बाजूला फुगून वाट मोकळी ठेवते, त्यामुळे रक्त वाहत राहतं आणि दुखत काहीच नाही. कधी हा थर अचानक फाटतो, त्यावर गुठळी धरते आणि पहिलं लक्षण थेट हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात असतं.

खात्री करायची तर रक्ताची लिपिड प्रोफाइल तपासणी करावी. रिपोर्टमध्ये नुसतं ‘टोटल’ पाहू नका, एलडीएलची ओळ शोधा. आकडा 190 किंवा त्याहून जास्त असेल, तर डॉक्टरांना दाखवाच आणि भावंडांनाही तपासून घ्यायला सांगा.