वराहमिहिराचा आळशी मकर

यंदा संक्रांतीला आमच्या इंदूरच्या घरी हळदीकुंकवाला बायका जमल्या आणि तिळगुळाच्या डब्याबरोबर राशींचा विषयही फिरू लागला. भाचीचा जन्म 5 जानेवारीचा. मोबाइलवर तिची रास मकर येते : कष्टाळू, शिस्तप्रिय, महत्त्वाकांक्षी, मनातलं चटकन न सांगणारी. आईने पत्रिका काढली, तर चंद्र मिथुनेत, म्हणजे आपल्या रीतीने रास मिथुन. सूर्य पाहावा तर तोही मकरेत नाही, धनूत. ‘मग मावशी, मी नक्की कोण?’ असं तिने विचारलं. तिचा प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर शोधताना मला इंदूरपासून जेमतेम 55 किलोमीटरवरच्या उज्जैनला जावं लागलं, आणि तिथून थेट बाबिलोनला.

बाबिलोनच्या आकाशात मकर राशीच्या जागी अर्धी शेळी आणि अर्धा मासा असा प्राणी होता. गोड्या पाण्याचा आणि शहाणपणाचा देव एआ याच्याशी त्याचं नातं. ग्रीकांनी तो उचलला आणि त्याला ‘ऐगोकेरोस’ म्हटलं, म्हणजे शेळीच्या शिंगांचा. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत ग्रीक फलज्योतिष भारतात आलं तेव्हा ते नावही सोबत आलं. उज्जैनचा जुना ज्योतिषी वराहमिहिर याने ‘बृहज्जातक’ या आपल्या फलज्योतिषाच्या ग्रंथात बारा राशींची पर्यायी नावं दिली आहेत, त्यांत मकरेला ‘आकोकेर’ म्हटलं आहे. मेषेला ‘क्रिय’, वृषभेला ‘ताबुरि’. मोठ्याने म्हणून पाहिलं की ग्रीक उच्चार कानाला कळतो.

शेळी मात्र इथे तशीच राहिली नाही. आपल्याकडे पाण्यातला अद्भुत प्राणी म्हणजे मकर, गंगेचं वाहन, मंदिरांच्या तोरणांवर कोरलेला. तोच या राशीला मिळाला. पण शेळीच्या तोंडाचं काय करायचं? वराहमिहिर लिहितो, ‘मकरो मृगास्यः’, हरणाच्या तोंडाचा मकर. म्हणून संस्कृतात या राशीला नुसतं ‘मृग’ही म्हणतात. परकं चित्र घेतलं, पण त्याला इथलं अंग दिलं. मला हा या सगळ्या प्रवासातला सर्वांत सुंदर टप्पा वाटतो.

आता स्वभाव. वराहमिहिराने ‘पंचसिद्धांतिका’ या आपल्या खगोलगणिताच्या ग्रंथात गणितासाठी शके 427, म्हणजे इ. स. 505 हे वर्ष आरंभ म्हणून धरलं आहे, त्यावरून त्याचा काळ समजतो. तो अवंतीचा, म्हणजे आपल्या माळव्याचाच. जन्मवेळी चंद्र मकरेत असलेला माणूस त्याने एका श्लोकात रंगवला आहे. बायकामुलांचे लाड करणारा, डोळे सुंदर, कंबर बारीक, दुसऱ्याचं सांगणं ऐकणारा, भाग्यवान, भटक्या, अंगात बळ असलेला. ‘धर्मध्वज’, म्हणजे धर्माचं प्रदर्शन मांडणारा. ‘शीतालु’, थंडी न सोसणारा. ‘काव्यकृत्’, कविता करणारा. शिवाय लोभी आणि निलाजरा. आणि या सगळ्यात एक शब्द : ‘अलस’. आळशी!

मोबाइलवरचा कष्टाळू मकर आणि उज्जैनचा आळशी मकर. मी हा श्लोक दोनदा वाचला. मग त्याच ग्रंथातलं शनीचं वर्णन काढलं, कारण मकर हे शनीचं घर, म्हणजे त्याच्या मालकीची रास. तिथे सुरुवातच आहे, ‘मन्दोऽलसः’, मंद म्हणजे शनी, तो आळशी. शनीला सूर्याभोवती एक फेरा घ्यायला सुमारे साडेएकोणतीस वर्षं लागतात, एका राशीत तो अडीच वर्षं रेंगाळतो. डोळ्यांना दिसणाऱ्या ग्रहांत सर्वांत संथ तोच. घर मकर का, याचंही कारण जुनंच आहे. सूर्य-चंद्राला सिंह आणि कर्क ही उन्हाळ्यातली घरं दिली, आणि सर्वांत दूरच्या, थंड मानलेल्या शनीला त्यांच्या समोरची, हिवाळ्यातली मकर आणि कुंभ. ग्रीक ज्योतिषी टॉलेमीने दुसऱ्या शतकात हेच तर्कशास्त्र मांडलं होतं. ‘शीतालु’ हा शब्दही याच थंडीतून आला असावा, असं मला वाटतं.

म्हणजे मूळ गुण एकच, संथपणा. उज्जैनने त्याला आळस म्हटलं. पुढे युरोपात त्याच संथपणाला चिकाटी, संयम, हळूहळू वर चढणं असे अर्थ चिकटले, आणि डोंगर चढणारी शेळी त्याला शोभून दिसली. तिकडे मासा मागे पडला, आपल्याकडे शेळी.

‘स्वभाव’ हाच फलज्योतिषाचा मुख्य विषय होणं तर अगदी अलीकडचं. लंडनचा ॲलन लिओ हा थिऑसॉफी या गूढवादी पंथाचा ज्योतिषी भविष्यातल्या घटनांपेक्षा माणसाच्या स्वभावावर भर देऊ लागला. तरी भविष्य सांगण्याच्या आरोपावरून 1917 साली त्याला दंड झालाच. ऑगस्ट 1930 मध्ये ‘संडे एक्स्प्रेस’ने आर. एच. नेलर यांच्याकडून नवजात राजकन्या मार्गारेटचं भविष्य लिहून घेतलं. ते इतकं वाचलं गेलं की सदर सुरू झालं, आणि त्यातूनच नुसत्या जन्मतारखेवरून सूर्यराशीचं भविष्य सांगायची पद्धत वर्तमानपत्रांत रुजली. चंद्राची रास काढायला जन्मवेळ आणि पंचांग लागतं. तारीख मात्र प्रत्येकाला पाठ असते. आपल्याकडची हिंदी वर्तमानपत्रं नावाच्या अक्षरावर चालतात, मकरेला भो, जा, जी, खी, खू, खे, खो, गा, गी. तीही चंद्राच्या नक्षत्रचरणांवरून आलेली वाट आहे.

राहिला धनूतला सूर्य. ‘बृहत्संहिते’त वराहमिहिर सांगतो की पूर्वी उत्तरायण धनिष्ठा नक्षत्राच्या आरंभी होत असे, आता ते मृगादी, म्हणजे मकरेच्या आरंभी होतं. जुनं वचन आणि डोळ्यांना दिसणारं आकाश जुळत नाही, हे त्याने स्वच्छ लिहिलं. संपातबिंदू, म्हणजे दिवस-रात्र समान असताना सूर्य ताऱ्यांमध्ये जिथे असतो ती जागा, सुमारे 72 वर्षांत एक अंश सरकतो. त्याच्या काळानंतर तो वीसेक अंश सरकला. राशी संपातबिंदूपासून मोजणाऱ्या पाश्चात्त्य सायन पद्धतीत मकर आजही 22 डिसेंबरच्या सुमारास लागते, त्या ताऱ्यांवरून मोजणाऱ्या आपल्या निरयन पंचांगात 14 जानेवारीच्या. दोन्हींत आज सुमारे 24 अंशांचं अंतर आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 1896 मध्ये मराठीत भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहिला, ते स्वतः सायन पंचांगाच्या बाजूचे होते. संक्रांत खऱ्या उत्तरायणाला यावी, असा हा आग्रह. आमच्याकडे तो कुणी मानला नाही, तिळगूळ जानेवारीतच वाटला जातो.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर उज्जैनच्या वेधशाळेत जावं. सवाई जयसिंगाने बांधलेल्या या वेधशाळेचा जीर्णोद्धार 1923 मध्ये माधवराव शिंद्यांनी करवला. तिथल्या शंकूची, म्हणजे सावली मोजायच्या उभ्या काठीची, सावली 21 जूनच्या मध्यान्ही जवळपास नाहीशी होते, म्हणून त्या दिवशी गर्दी होते. 22 डिसेंबरला तीच सावली शंकूच्या उंचीहून किंचित लांब पडते, वर्षातली सर्वांत लांब. पुढच्या डिसेंबरात भाचीला तिथे न्यायचं ठरवलंय. तिला उज्जैनचा मकर जास्त आवडला. ती कविता करते, आणि जानेवारीत नऊपर्यंत रजईतून बाहेर येत नाही.