नववी-दहावीच्या गणिताच्या वहीत रबर का चालत नाही
(शिकवणीतल्या आणि येऊ घातलेल्या मुलामुलींच्या पालकांसाठी)

दर वर्षी पोळ्याच्या आसपास दोन-चार पालक वही हातात घेऊनच येतात. "सर, पोराची वही पाहा बरं. पानभर काटाकाट करून राह्यला, अन् तुम्ही त्याले काहीच नाही म्हणत?" मागच्या वर्षी एक बाबाजी दोनशे पानांची कोरी वही आणि सोबत रबराचा डबाच घेऊन आले होते. रबर आम्ही ठेवून घेतले, भूमितीच्या आकृत्यांना लागतात. वही परत दिली. तेव्हापासून ठरवलं की हे एकदा नीट लिहून सगळ्यांना द्यायचं, म्हणजे प्रत्येकाला ओट्यावर बसवून सांगावं लागणार नाही.

दहावीला गणिताचे दोन पेपर असतात हे तुम्हाला माहीत आहेच. भाग एक म्हणजे बीजगणित, भाग दोन म्हणजे भूमिती. प्रत्येकी ४० गुण, दोन तास. उरलेले २० गुण शाळेच्या हातात. कॅल्क्युलेटर नेता येत नाही. धड्यांची यादी इथे देत नाही, ती पुस्तकात आहे. पण "आमच्या वेळी असं नव्हतं" म्हणणाऱ्यांसाठी एवढं सांगतो की आता अर्थनियोजनाच्या धड्यात जीएसटी आणि शेअर आहेत. तुमची मुलगी कृषी केंद्राचं बिल घेऊन त्यातला केंद्राचा कर किती आणि राज्याचा किती ते काढू शकते. महत्त्वमापन शिकलेला मुलगा विहिरीतून किती ब्रास माती निघाली ते सांगू शकतो. एकदा विचारून पाहा. सांगता आलं नाही तर आमच्याकडे पाठवा.

आता रबराचं.

एक साधं गणित घेऊ. २क्ष − (क्ष − ५) = १२. (पुस्तकात इंग्रजी एक्स असतो, इथे आपला जुना क्ष.) कंस सोडवताना बाहेरचं वजाचं चिन्ह आतल्या दोघांनाही लागतं, म्हणून क्ष + ५ = १२ आणि उत्तर ७. वर्गातली निम्मी मुलं पहिल्या झटक्यात २क्ष − क्ष − ५ लिहितात आणि त्यांचं उत्तर १७ येतं. यात लाजण्यासारखं काही नाही. खरी गडबड पुढे होते. फळ्यावर ७ दिसला की मुलगा १७ खोडतो, वरची ओळ खोडतो, फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवतो. आता पान मोत्यासारखं स्वच्छ. घरी तुम्ही पाहता, खूश होता. शाळेत बरोबरची खूण मिळते. आणि पुढच्या चाचणीत पुन्हा १७.

खोडलेल्या पानावर आम्हाला काहीच दिसत नाही. काटलेला १७ दिसला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं की पोराचं समीकरणाशी भांडण नाही, कंसाबाहेरच्या वजाशी आहे, आणि ते सातवी-आठवीतच राहून गेलेलं आहे. तेच शोधायला मग अख्खा तास जातो, त्याला पुन्हा सगळं तोंडी सोडवायला लावून. तीस मुलांच्या बॅचमध्ये हा तास कुठून आणायचा?

बरं, ही एक चूक एका धड्यात थांबत नाही. निर्देशक भूमितीत (१, −२) आणि (९, ४) या बिंदूंतलं अंतर काढायचं असतं. ४ मधून वजा २ वजा केले की ६ यायला हवेत, पोरगा २ धरतो. उत्तर सरळ १० असताना त्याच्याकडे ६८ चं वर्गमूळ येतं. अंकगणिती श्रेढीत तर गंमतच. धुऱ्याकडे निमुळतं होत जाणारं शेत, पहिल्या तासात (ओळीत) कपाशीची ५० झाडं, पुढे प्रत्येक तासात ३ कमी, तर दहाव्या तासात किती? ५० + ९ × (−३), म्हणजे २३. उत्तर येतं ७७. शेतकऱ्याचा पोरगा असून निमुळत्या शेताच्या टोकाला ७७ झाडं लावतो! तीन धडे, तीन वेगळी गणितं, आणि चूक तीच.

म्हणून आमचा नियम. गणित बॉलपेनने सोडवायचं. चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. त्याच्या खाली नव्याने सोडवायचं आणि बाजूला दोन शब्दांत लिहायचं, कुठे घसरलो ते: "कंसाबाहेर वजा", "पाढा चुकला", "प्रश्न अर्धाच वाचला". कच्चं काम पानाच्या उजव्या बाजूला चार बोटं जागा सोडून तिथेच, तळहातावर नाही. व्हाइटनर तर दारातच काढून घेतो. पेन्सिल आणि रबर फक्त आकृतीला.

मोबाइलवर फोटो काढून गणित सोडवून घेणाऱ्यांची वहीसुद्धा अशीच स्वच्छ असते, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

काही पालक म्हणतात, बोर्डात तर स्वच्छ पेपर लागतो, मग ही सवय कशाला? बोर्डाच्या उत्तरपत्रिकेतही एका रेघेने काटलेलं चालतं. आणि तीन-चार गुणांच्या प्रश्नात गुण पायऱ्यांना असतात, नुसत्या उत्तराला नाही. भूमितीत तर पक्ष, साध्य, सिद्धता लिहून प्रत्येक विधानापुढे कारण द्यावं लागतं. ज्याला आपली पायरी उघडी ठेवायची सवय आहे, तो पायऱ्या गाळत नाही. "अपेक्षित प्रश्न द्या, बाकी राहू द्या" असाही आग्रह असतो. देतो, पण जानेवारीनंतर. त्याआधी दिले की मुलं "कृती पूर्ण करा" मधल्या चौकटीसुद्धा पाठ करतात, आणि पेपरात आकडे बदलले की चौकटी रिकाम्या.

तुम्ही घरी काय करायचं? गणित येण्याची गरज नाही. आठवड्यातून एकदा वही उघडा आणि काटलेली गणितं मोजा. आठ दिवसांत एकही काट नसेल तर आम्हाला कळवा, कारण तो एकतर फार हुशार आहे किंवा उतरवतो आहे. पहिल्या प्रकारची मुलं आम्हालाही हवीच आहेत.

वेचणीच्या दिवसांत मुलं शेतात जातात, त्याला आमची ना नाही. फक्त सलग दोन आठवडे बुडवण्यापेक्षा सकाळच्या बॅचला या, सातला सुरू होऊन साडेआठला सुटते, नंतर वावरात जाता येतं. फी चार हप्त्यांत घेतो. दुसरा आणि तिसरा हप्ता कापूस विकल्यावर दिला तरी चालतो. लाइन गेली तर इन्व्हर्टर आहे.

आणि एक. दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा कोणाचीही वही मोफत तपासून देतो, आपल्या शिकवणीत नाव असो वा नसो. चूक कोणत्या इयत्तेची आहे ते लिहून देतो, पुढे कुठे पाठवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. येताना चालू वहीच आणा, नवी करून आणू नका. मुलालाही सोबत आणा, वहीत न दिसलेलं त्यालाच विचारावं लागतं.