पार्श्वभूमी: नवऱ्याची सही, पोलिसांची सही

अमेरिकेतल्या लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाच्या, स्त्रियांवरच्या घरगुती हिंसाचाराचा विषय निघाला की 'माचिस्मो' हा शब्द लगेच पुढे येतो. पुरुषी ताठा त्यांच्या संस्कृतीतच आहे म्हटलं की चर्चा मिटते. मला हे पटत नाही. मेक्सिको, ग्वाटेमाला, एल साल्वादोरहून आलेल्या बाईला मारकुट्या नवऱ्याच्या घरात अडकवून ठेवलं ते मुख्यतः 'पापेलेस'नी, म्हणजे कागदांनी. प्वेर्तो रिकोच्या स्त्रिया जन्मानेच अमेरिकी नागरिक. मार त्यांनाही चुकत नाही, पण हद्दपारीची धमकी त्यांना देता येत नाही. त्यांच्या बेटावर 1989 सालीच घरगुती हिंसाचाराविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला.

मार खाणाऱ्या बायकांसाठीचे निवारे 1970 च्या दशकात उभे राहू लागले, पण स्पॅनिश बोलणाऱ्या बाईचं म्हणणं तिथे कुणाला कळत नसे. 1982 साली मिनेसोटातल्या सेंट पॉलमध्ये लॅटिना कार्यकर्त्यांनी स्वतःचा निवारा काढला.

1986 साली खोटी लग्नं रोखण्यासाठी कायदा आला. लग्नावर मिळणारं ग्रीन कार्ड आधी दोन वर्षांचं. ते पक्कं करायचं तर शेवटच्या 90 दिवसांत नवरा-बायको दोघांच्या सहीचा अर्ज. काही सवलती होत्या, पण मार खाणाऱ्या बाईसाठी वेगळी एकही नव्हती. ती सवलत 1990 मध्ये आली, तर नियमाने मानसिक छळासाठी तज्ज्ञाचा अहवाल मागितला. 1994 च्या कायद्याने मात्र बाईला स्वतःच्या नावाने अर्ज करू दिला. पोलिसांचा कागद नसला तरी शेजारणीचं प्रतिज्ञापत्र चालू लागलं. मोठी अट ही: नवरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक हवा.

नवऱ्याकडेच कागद नसतील तर? किंवा लग्नच झालेलं नसेल तर? अशा बायकांनाही मागता येईल असा, गुन्ह्याचे बळी ठरलेल्यांसाठीचा यू व्हिसा 2000 साली आला, आणि खरा गुंता इथे सुरू होतो. नियम निघायलाच 2007 उजाडलं. अर्जासोबत पोलीस, सरकारी वकील किंवा न्यायाधीशाचं प्रमाणपत्र लागतं: या बाईने तपासाला मदत केली. सही सहा महिन्यांहून जुनी चालत नाही, आणि सही करायचं बंधन केंद्रीय कायद्याने कुणावरच घातलेलं नाही. एका शहरातला अधिकारी आठवड्यात सही देतो, शेजारच्या शहरातला अर्जच घेत नाही. कॅलिफोर्नियाने 2016 पासून सहीच्या अर्जावर उत्तर द्यायला मुदत बांधून दिली. ती सगळीकडे हवी होती.

प्रमाणपत्राआधी तक्रार लागते. दारात पोलीस उभा असतो. तिच्या ओठातून रक्त येतंय, ती स्पॅनिशमध्ये सांगतेय. त्याला स्पॅनिश येत नाही, नवऱ्याला इंग्रजी येतं. अहवालात नवऱ्याचं म्हणणं उतरतं, नाहीतर आठ-नऊ वर्षांच्या मुलीला दुभाषी करतात आणि आईला कुठे कुठे मारलं ते तिला सांगावं लागतं. अशा अहवालावर पुढे सही मागायची.

त्यात वर्षाला 10,000 व्हिसांची मर्यादा. ती 15,000 करण्याचा प्रस्ताव 2012 मध्ये आला, त्यावरूनही 1994 च्या कायद्याचं नूतनीकरण अडलं, आणि 2013 मध्ये तो वगळल्यावर ते झालं. माझ्या मते तडजोडीचा सगळा भार ज्यांना मतदानाचा हक्क नाही त्यांच्यावर टाकला गेला. रांग वर्षानुवर्षांची झाली. एच-1बी वर गेलेल्या आपल्याकडच्या मुलांच्या बायकांनाही 1994 ची वाट बंद असते. त्यांच्यातल्याही काही जणी याच रांगेत येतात.

फेब्रुवारी 2017 मध्ये एल पासोच्या न्यायालयात जोडीदाराविरुद्ध संरक्षणाचा आदेश घ्यायला आलेल्या एका ट्रान्स स्त्रीला इमिग्रेशनच्या लोकांनी तिथेच पकडलं. पुढच्याच महिन्यात लॉस एंजेलिसच्या पोलिसप्रमुखांनी सांगितलं, की लॅटिनो समाजातून येणाऱ्या घरगुती हिंसाचाराच्या तक्रारी आदल्या वर्षाच्या त्याच काळापेक्षा सुमारे 10 टक्क्यांनी घटल्या आहेत. त्या महिन्यांत ज्या बाईने फोन उचलला नाही, तिच्याकडे सहीसाठी न्यायला तक्रारीचा कागदच नाही.