देवदाराचा शेंडा झुकतो तेव्हा

नव्याने लावलेल्या देवदाराचा शेंडा एका बाजूला वाकून झुकलेला दिसला, की पाणी कमी पडते आहे असे समजून पुष्कळजण त्याला काठीशी ताठ बांधतात. काहीजण तर तो छाटूनच टाकतात. वस्तुतः झुकलेला शेंडा ही हिमालयीन देवदाराची उपजत ठेवण आहे. त्या वर्षी फुटलेला कोवळा कोंब स्वतःच्याच वजनाने लवतो, पुढे आत लाकूड भरत जाते तसा तो बुडाकडून सरळ होतो, आणि तोवर त्याच्या टोकाला नवा कोंब लवलेला असतो. पश्चिम हिमालयात १५०० ते ३२०० मीटर उंचीवर आढळणारे, ४०-५० मीटरपर्यंत गेलेले सरळसोट वृक्ष याच रीतीने वाढलेले असतात. शेंडा कापला, तर बाजूच्या दोन-तीन फांद्या एकाच वेळी त्याची जागा घेऊ पाहतात, खोडाला बेचके पडते, आणि असे बेचके पुढे वादळात किंवा बर्फाच्या भाराखाली उभे चिरू शकते.

छाटणी या वृक्षाला एकंदरीतच मानवत नाही, आणि त्याचे कारण फांदी हातात घेऊन पाहिली की कळते. टोकाकडील चालू वर्षाच्या वाढीवर सुया एकेकट्या, मळसूत्राप्रमाणे लागलेल्या असतात. त्यामागच्या जुन्या भागावर मात्र त्या वीस-तीसच्या झुबक्यांनी येतात. झुबक्याच्या बुडाशी नखाने चाचपले, तर एक खरखरीत बुटका खुंट लागतो. हा आखूड कोंब वर्षाकाठी जेमतेम वाढतो, पण दरवर्षी सुयांचा नवा घोस देतो आणि प्रसंगी त्यातूनच लांब फांदी निघते. जिथे असे जिवंत खुंट उरलेले नाहीत, त्या उघड्या जुन्या लाकडातून सहसा काहीही फुटत नाही. वीस वर्षांनी फांद्या भिंतीला टेकल्या म्हणून त्या अर्ध्यावर तोडल्या, तर ती उघडी बाजू पुन्हा भरून येत नाही. त्यामुळे पूर्ण वाढीचा घेर १० मीटरहून अधिक होऊ शकतो हे धरून जागा निवडणे, हाच माझ्या मते देवदाराच्या संगोपनातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय होय, आणि तो रोप वीतभर असतानाच घ्यावा लागतो.

रोप बियांपासून करायचे असेल, तर शंकू वेळेवर गाठावा लागतो. ७ ते १३ सेंटीमीटर लांबीचा, पिंपाच्या आकाराचा हा शंकू फांदीवर ताठ उभा राहतो, परागीभवनानंतर सुमारे वर्षभराने पिकतो आणि जागच्या जागी खवल्याखवल्याने सुटतो. मागे फांदीवर नुसता दांडा उरतो. पाइनचा शंकू जसा अख्खा सापडतो, तसा हा झाडाखाली शोधत फिरणे व्यर्थ असते. खवल्यांबरोबर पंखधारी बिया वाऱ्यावर जातात. त्या तेलकट असल्याने उबदार जागेत लवकर निकामी होतात. म्हणून ताजे बी रात्रभर भिजवून, ओलसर वाळूत मिसळून २ ते ४ आठवडे थंडीत, म्हणजे ३ ते ५ अंश सेल्सियसला ठेवावे आणि मगच पेरावे. थंडीचा हा काळ मिळाला, की उगवण एकसारखी होते. मातीतून वर येणाऱ्या अंकुराला दोन नव्हे, तर दहाच्या आसपास बीजपत्रे असतात आणि तो उलट्या धरलेल्या छोट्या छत्रीच्या काड्यांसारखा दिसतो. या अवस्थेत बुरशीमुळे रोपे बुंध्याशी कोलमडतात, म्हणून पाणी बेताने द्यावे आणि हवा खेळती ठेवावी.

सोटमूळ लवकर खोल जात असल्याने रोप पिशवीत फार काळ ठेवू नये. तळाशी वेटोळे घातलेले मूळ जमिनीत गेल्यावरही सहसा सरळ होत नाही. लावण्यापूर्वी निचरा तपासावा. हातभर खोल खड्डा पाण्याने भरावा, ते जिरल्यावर पुन्हा भरावा, आणि दुसऱ्या दिवशीही पाणी साचलेले असेल, तर ती जागा सोडून द्यावी. उतारावरच्या, पाणी न थांबणाऱ्या जमिनीत वाढलेल्या या झाडाला थोडाफार कोरडेपणा सोसतो, पण मुळांभोवतीची हवा कोंडली की मूळकूज शिरते. पहिली दोन-तीन वर्षे रोज शिंपण्याऐवजी अंतराने, आळे भरून खोलवर पाणी द्यावे आणि मधल्या काळात मातीला वाफसा येऊ द्यावा. पालापाचोळ्याचे आच्छादन उपयुक्त असते, मात्र ते खोडाला भिडवू नये. उष्ण, दमट सखल प्रदेशात हे झाड रमत नाही; तिथे कितीही निगा राखली, तरी वाढ रखडतेच.

वाढलेल्या झाडाच्या आतल्या बाजूच्या जुन्या सुया वसंतात पिवळ्या पडून गळतात, त्याची काळजी करू नये. सदाहरित वृक्षही पाने बदलतोच, फक्त सगळी एकदम टाकत नाही. टोकाकडच्या नव्या सुया पिवळ्या पडू लागल्या, तर मात्र मुळांकडे पाहावे. अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे बव्हंशी वरच्या अर्ध्या मीटरच्या थरात, फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे पसरलेली असतात. त्यांवर मातीचा भराव घातला, वाहने उभी केली किंवा वाहिनीसाठी चर खणला, तरी झाड बाहेरून काही वर्षे हिरवेच दिसते, आणि शेंडा विरळ होऊ लागतो तेव्हा तो चर कोणाच्या आठवणीतही नसतो.