सिएटलच्या लॉकमधून एकट्याने बोट नेताना: कार्ड, नोंदणी आणि अडणाऱ्या जागा

लेक वॉशिंग्टन किंवा लेक युनियनमधून बोट प्युजेट साउंडच्या खाऱ्या पाण्यात न्यायची, तर बॅलर्ड भागातलं लॉक, म्हणजे पाण्याची पातळी वरखाली करून बोट पलीकडे सोडणारं दरवाजांचं कुंड, ओलांडावंच लागतं. १९१७ साली सुरू झालेलं हे लॉक अमेरिकी लष्कराचं अभियांत्रिकी दल चालवतं. त्यातून जायला अर्ज नाही, शुल्क नाही, आणि बोटीवर एकच माणूस आहे म्हणून कोणी परत पाठवत नाही. एवढं ऐकलं की आपली मंडळी निर्धास्त होतात. पण घोडं अडतं ते राज्याच्या कागदांपाशी, आणि एकट्याने निघणाऱ्याचं जास्तच.

आधी कार्ड. १ जानेवारी १९५५ नंतर जन्मलेल्यांना १५ अश्वशक्ती किंवा त्याहून मोठ्या इंजिनाची बोट चालवायला वॉशिंग्टन राज्याचं बोटर एज्युकेशन कार्ड लागतं. कार्ड असलेला मित्र शेजारी बसून लक्ष ठेवत असेल, तर बिनकार्डाच्या माणसालाही बोट चालवता येते. कित्येकांनी असे दोन-तीन उन्हाळे काढलेले असतात. हात बसलेला असतो, म्हणून कार्डाचा विषयच डोक्यात येत नाही. मित्र किनाऱ्यावर राहिला की ती सवलत संपते, हे कृपा करून लक्षात घ्या. दुसरी फसगत कोर्सची. ऑनलाइन परीक्षा पास झाल्याचं प्रमाणपत्र म्हणजे कार्ड नव्हे. ते घेऊन राज्याच्या उद्यान विभागाकडे वेगळा अर्ज करायचा, १० डॉलर भरायचे, तेव्हा कार्ड मिळतं. एकदा मिळालं की जन्मभर चालतं. बोट नुकतीच घेतली असेल तर खरेदीपासून ६० दिवस सूट आहे, मात्र खरेदीखत बोटीवर सोबत हवं. घरच्या कपाटात असून उपयोग नाही.

नोंदणीबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य असं: बोट १६ फुटांहून लहान आणि इंजिन १० अश्वशक्तीपर्यंत असेल तर नोंदणी नको. हा अर्धाच नियम झाला. ही सूट फक्त संघीय सरकारच्या अखत्यारीबाहेरच्या पाण्यापुरती आहे, आणि लेक वॉशिंग्टन व प्युजेट साउंड दोन्ही त्या अखत्यारीत येतात. म्हणजे लॉककडे निघालेल्या इवल्याशा मोटारबोटीलाही नोंदणी हवी.

मुदतीचा घोळ तर दरवर्षी होतो. बोट कोणत्याही महिन्यात घ्या, नोंदणी ३० जूनला संपते. गाडीच्या सवयीने लोक खरेदीच्या तारखेपासून वर्ष मोजतात आणि ४ जुलैच्या सुट्टीत, पाण्यावर सर्वात जास्त गर्दी असताना, मुदत संपलेलं स्टिकर लावून फिरतात.

कागद म्हणून विक्रेत्याची सही असलेलं टायटल (मालकीचा दाखला) आणि किंमत लिहिलेलं खरेदीखत लागतं. त्यावरचा बोटीचा १२ अक्षर-अंकांचा क्रमांक बोटीच्या मागच्या फळीवर उजवीकडे कोरलेल्या क्रमांकाशी स्वतः ताडून बघा, पैसे देण्याआधी. एक अक्षर चुकलं तरी खेटे सुरू होतात. ट्रेलरचं टायटल वेगळं असतं, तेही त्याच वेळी मागून घ्या.

एच-वन-बी किंवा ग्रीन कार्डवर असलेल्यांनी पुढचं नीट वाचा. पाच नेट टन (हे वजन नव्हे, बोटीच्या आतल्या जागेचं माप) आणि त्यावरच्या बोटींपैकी बऱ्याच कोस्ट गार्डच्या संघीय नोंदीत असतात. ती नोंद फक्त अमेरिकी नागरिकाच्या नावावर राहू शकते. अशी जुनी सेलबोट घेतली, तर आधी संघीय नोंद रद्द झाल्याचा कागद लागतो आणि मगच राज्याचं टायटल निघतं. तो कागद कोणाकडेच तयार नसतो, आणि विक्रेत्याला पैसे मिळाले की त्याला घाई उरत नाही. म्हणून सौद्याच्या लेखी अटींतच तो घाला. नागरिकत्वाची अट नोंदणी कार्यालयाच्या खिडकीवर पहिल्याच दिवशी सांगायला काय हरकत असते, हे मला कधी कळलेलं नाही.

प्रत्यक्ष लॉकमध्ये हवेत ५० फुटांचे दोन दोर, प्रत्येकाच्या टोकाला दोराचंच १२ इंचांचं कडं, आणि बोटीच्या दोन्ही बाजूंना फेंडर (घासू नये म्हणून लटकवायच्या गाद्या), कारण कोणती बाजू भिंतीला लागेल ते तिथले कर्मचारी ठरवतात. भरती-ओहोटीप्रमाणे दोन्हीकडच्या पाण्यात ६ ते २६ फुटांचा फरक असतो. खाली उतरताना दोर हळूहळू सोडत राहायचा असतो. तो पक्का बांधला तर बोट भिंतीला लटकते. एकटे असाल तर दोन्ही दोर आधीच सुकाणूपाशी आणून ठेवा, कर्मचाऱ्यांना एकटे असल्याचं मोठ्याने सांगा आणि मागचा दोर आधी द्या, पुढे सरकणारी बोट त्यानेच थांबते. लाइफ जॅकेट अंगात घालूनच आत या. तिथल्या लहान आणि मोठ्या अशा दोन लॉकपैकी लहान लॉकमधले बांधायचे खुंट पाण्याबरोबर वरखाली होतात, तिथे एकट्याला सोपं जातं. पण कोणतं लॉक हवं ते आपल्याला निवडता येत नाही, जे मिळेल ते.

उंच डोलकाठी असेल तर फ्रीमाँट आणि बॅलर्डचे पूल उघडावे लागतात. कामाच्या दिवशी सकाळी ७ ते ९ आणि दुपारी ४ ते ६ हे पूल लहान बोटींसाठी उघडत नाहीत. एकट्याने प्रवाहात दोन तास बोट थोपवून धरणं दमवणारं आहे, तेव्हा वेळ बघूनच निघा.

लॉकबाहेर शिलशोल उपसागर ओलांडला की सिएटल आणि टॅकोमाकडे जाणाऱ्या कंटेनर जहाजांचे मार्ग लागतात. इथे २० मीटरपेक्षा लहान बोटीने आणि शिडाच्या बोटीने मोठ्या जहाजाच्या वाटेत यायचं नाही, आणि मार्ग काटकोनातच ओलांडायचा. रेडिओवर १४ नंबरचा चॅनल ऐकत राहा, जहाजांची वाहतूक तिथूनच सांभाळली जाते. पूल आणि लॉकसाठी १३. सतत नजर ठेवण्याचा नियम एकट्याला माफ नाही. जेवण, नकाशा, शिडाची कामं मार्गात शिरण्याआधी उरकून घ्या.