ग्राफिक्स कार्ड बिघडलंय, की नुसतं गुदमरलंय?

सांगलीत डिसेंबरात तासभर गेम चालवूनही जे ग्राफिक्स कार्ड ७० अंशांवर निवांत असतं, तेच एप्रिलच्या दुपारी त्याच गेममध्ये ८३-८४ अंशांना टेकतं. कार्डात काहीच बिघडलेलं नसतं, बदललेली असते ती खोली. कार्डाचा पंखा हवा थंड करत नाही, तो ती फक्त हलवतो. त्यामुळे ठरावीक काम करताना आणि पंखा ठरावीक वेगाने फिरत असताना कार्ड खोलीपेक्षा साधारण तितकेच अंश गरम राहतं. खोली २५ अंशांवर असताना कार्ड ७० दाखवत असेल, तर फरक ४५ अंशांचा. पत्र्याखालची खोली ३८ वर गेली की हेच ४५ त्यावर चढून ८३ होतात. इथून पुढे बरीचशी कार्डं स्वतःला वाचवायला वेग कमी करतात आणि गेम अडखळायला लागतो. ‘कार्ड गेलं’ म्हणून ते मातीमोल भावात विकण्याआधी हा फरक मोजायला हवा. कार्डाच्या तब्येतीची खरी नाडी म्हणजे हा फरक.

फरक वाढतो त्याचं पहिलं कारण धूळ. आपल्याकडची धूळ साधी नसते. ऊसतोडणीच्या हंगामात फडातलं पाचट पेटवलं की काजळीची काळी पाती गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन पडतात. तीच बारीक होऊन खिडकीतून घरात येतात. त्यात फोडणीची वाफ मिसळली की धूळ चिकट होते. कार्डाच्या पंख्यांवर दिसते ती नुसती वरवरची. खरा थर पंख्यांच्या खाली, ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांच्या तोंडावर बसतो. वरचं प्लॅस्टिकचं झाकण काढलं की जाड घोंगडीसारखा करडा पट्टा सापडतो, बोटांनी उचलला तर अख्खा निघतो. पंखा पूर्ण वेगाने ओरडत असतो, पण पात्यांमधून हवाच जात नाही.

कार्ड बाहेर काढण्याआधी आकडे पाहा. ‘जीपीयू-झेड’ किंवा ‘एचडब्ल्यू-इन्फो’ ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. चिपचं सरासरी तापमान, चिपवरच्या सर्वात गरम ठिकाणाचं म्हणजे ‘हॉटस्पॉट’चं तापमान आणि मेमरीचं तापमान, असे तीन आकडे बघायचे. काही कार्डं तिन्ही दाखवत नाहीत, दाखवतील तेवढे घ्या. सरासरी आणि हॉटस्पॉट यांत १०-१५ अंशांचं अंतर नेहमीचं. ते २५-३० च्या पुढे गेलं तर धुळीपेक्षा थर्मल पेस्टवर, म्हणजे चिपची उष्णता वरच्या धातूच्या ठोकळ्यात पोचवणाऱ्या लेपावर, संशय घ्या. वारंवार तापून-निवून पेस्ट कडेला सरकते आणि मधला भाग कोरडा पडतो. तिन्ही आकडे सारखेच वर गेले असतील तर हवाच अडली आहे. आणि पीसीवर नुसता ब्राउझर उघडा असताना पंखे थांबलेले दिसले तर घाबरू नका. आजची बहुतेक कार्डं साधारण ५०-६० अंशांपर्यंत पंखे मुद्दाम बंद ठेवतात.

पडद्यावर काहीच येत नाही ही तक्रार वेगळी. तिथे आधी केबल पाहा. मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावून कार्डाला दोष देणं ही फार नेहमीची चूक. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ आहे त्यांत अंगभूत ग्राफिक्स नसतं, म्हणून तिथे पडदा काळाच राहतो. मग कार्ड मदरबोर्डवरच्या खाचेत पूर्ण बसलंय का, शेवटची खिट्टी ‘टक्’ झाली का, हे बघा. जड कार्ड पुढच्या टोकाला झुकून खाचेतून किंचित उचललं जातं. रॅमही एकदा काढून बसवा, कारण रॅम नीट नसली तरी लक्षण हेच. कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर खोडरबर घासायची सवय मात्र सोडायला हवी. पहिल्यांदा गुण येतो, पण रबराचा चुरा खाचेत साठतो आणि सोन्याचा पातळ मुलामा झिजतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९० टक्क्यांच्या वरचं, आणि धागे न सुटणारं कापड, एवढं पुरतं.

अख्खा पीसी बंद पडणं आणि नुसता पडदा काळा होणं, यांत गल्लत करू नका. गेम रंगात आला की सगळंच खटकन बंद पडत असेल, तर बहुधा पॉवर सप्लायने हात टेकलेले असतात. कार्डाला खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, सहा पिनांच्या जोडातून ७५ आणि आठ पिनांच्या जोडातून १५०. कार्डाला आठ पिनांचे दोन जोड असतील तर सप्लायमधून दोन वेगळ्या केबल आणा, एकाच केबलची दोन तोंडं वापरू नका. नव्या सोळा पिनांच्या जोडावर ६०० वॉटपर्यंत भार येतो. तो अर्धवट बसला तर पिना तापून प्लॅस्टिक वितळतं. म्हणून तो शेवटपर्यंत दाबा, आणि जोडापासून निदान ३-४ सेंटिमीटर केबल सरळ ठेवून मगच वळवा. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो, त्यामुळे यूपीएस असूनही लाइट गेल्याक्षणी पीसी बंद पडतो तेव्हा दोष कार्डाचा नसतो. चौकोनी लहरीचा जुना इन्व्हर्टर तर या कामाला नकोच.

पडदा काळा होऊन आवाज चालूच राहिला, किंवा दोन-तीन सेकंदांनी चित्र परत आलं, तर ड्रायव्हरकडे, म्हणजे विंडोजला कार्डाशी बोलायला लावणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, वळा. कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही तर विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करतं आणि इव्हेंट व्ह्यूअर या आपल्या नोंदवहीत ४१०१ क्रमांकाची नोंद ठेवतं. इंटरनेट तोडून, सेफ मोडमध्ये ‘डीडीयू’ (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर) या सॉफ्टवेअरने जुना ड्रायव्हर मुळासकट काढा, मग आधीच उतरवून ठेवलेला नवा टाका. पडद्यावर रंगीत चौकोन किंवा उभ्या रेघा येत असतील तर त्या कधी येतात ते पाहा. पीसी सुरू होताना, कंपनीचं चिन्ह दिसतं तेव्हाच आल्या, तर विंडोज अजून सुरूही झालेलं नसतं. ड्रायव्हर त्यातून सुटला. दुसरी केबल आणि दुसरा मॉनिटर लावूनही त्या राहिल्या तर मेमरी चिप किंवा तिचे सोल्डरचे टाके गेले असण्याची शक्यता मोठी. हे काम घरचं नाही.

अर्थिंगबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ते कार्डाइतकंच माणसाच्या जिवाशी निगडित आहे. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर ‘थोडा करंट येतोच’ म्हणून सोडू नका. पॉवर सप्लायच्या तोंडाशी गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून पत्र्याला जोडलेला. अर्थिंग नसेल तर पत्रा दोघांच्या मधोमध, म्हणजे २३० च्या निम्म्या, साधारण ११५ व्होल्टवर तरंगतो. करंट अगदी थोडा असतो, पण अशा पीसीची केबल टीव्हीला लावताना ठिणगी उडून कार्डाचं पोर्ट जळू शकतं. साताऱ्याच्या पेठांतल्या, वाईच्या जुन्या वाड्यांत दोन तारांचं वायरिंग अजून सापडतं. तिथे तीन पिनांचं सॉकेट दिसलं तरी मागे तिसरी तार असेलच असं नाही. वायरमनकडून तपासून घ्या. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला तरी हाच त्रास होतो, म्हणून त्यात अधूनमधून पाणी ओतायचं.

आता सफाई. पीसी बंद करा, सॉकेटमधून वायर काढा, मग सुरू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवा. थंडीत स्वेटर घालून हे काम नको. आपल्याला झटका जाणवायला सुमारे ३००० व्होल्ट लागतात, चिप त्याहून कितीतरी कमीत मरते. कार्डाचे जोड आणि मागचे स्क्रू काढा, खाचेची खिट्टी दाबा आणि कार्ड कडांना धरून सरळ बाहेर ओढा. गच्चीवर किंवा गॅलरीत नेऊन मऊ कोरड्या ब्रशने धूळ सैल करा आणि ब्लोअर १५-२० सेंटिमीटरवरून मारा. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं. वाऱ्याने ते भन्नाट फिरलं तर बेअरिंग झिजतं, शिवाय पंख्याची मोटर जनित्रासारखी उलटी वीज कार्डात पाठवते. व्हॅक्यूम क्लीनर नको, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते.

पेस्ट बदलायची तर वॉरंटी संपली आहे ना, ते आधी पाहा. कार्ड दहा मिनिटं चालवून कोमट असताना उघडलं की जुनी पेस्ट सोडते. हीटसिंक, म्हणजे चिपवरचा पात्यांचा धातूचा ठोकळा, ओढू नका, हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सोडवा. पंख्याच्या बारीक तारा अजून जोडलेल्या असतात, त्या झटक्याने तुटतात. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. मेमरीवरचे मऊ थर्मल पॅड फाटले तर त्याच जाडीचे आणा. एकाच कार्डावर १ आणि २ मिलिमीटर असे वेगवेगळे असू शकतात. अर्धा मिलिमीटर जाड पॅड लावलं तर हीटसिंक चिपला टेकतच नाही आणि तापमान काही सेकंदांत शंभरीला भिडतं. इथली चिप उघडी काच समजा. प्रोसेसरसारखी वर धातूची टोपी नसते, म्हणून पेस्टचा पातळ थर सगळ्या पृष्ठभागावर, कोपऱ्यांपर्यंत पसरवा. चारही स्क्रू तिरके, आलटूनपालटून, अर्धा-अर्धा आटा फिरवत आवळा. एकच बाजू आधी आवळली तर चिपचा कोपरा तडकतो, आणि त्यावर इलाज नाही.

मेलेलं कार्ड ओव्हनमध्ये भाजण्याचा सल्ला ऐकू नका. शिसेविरहित टाका सुमारे २१७ अंशांना वितळतो. त्याच्या खालच्या आचेवर टाके जुळत नाहीत, वरच्या आचेवर प्लॅस्टिक आणि कपॅसिटर फुटतात, आणि त्याचा धूर ज्यात उद्या केक होणार त्या ओव्हनमध्ये बसतो. पॉवर सप्लायचा डबाही उघडू नका, आतला मोठा कपॅसिटर वायर काढल्यावरही काही काळ ३०० व्होल्टच्या वर राहू शकतो. ऑगस्ट २०१९ किंवा जुलै २०२१ सारखं पुराचं पाणी कॅबिनेटमध्ये शिरलं, तर ‘चालतंय का बघू’ म्हणून बटण दाबू नका. कृष्णेचा गाळ ओला असताना वीज वाहतो. हीटसिंक उतरवून बोर्ड डिस्टिल्ड वॉटरने धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि चार-पाच दिवस सावलीत पंख्याखाली वाळवा. कार्ड वाचेलच असं नाही, पण ओलं सुरू केलं तर हमखास जातं.

सगळं पुन्हा जोडल्यावर पंखे ७० टक्क्यांवर बांधून एकच गेम वीस मिनिटं चालवा. कॅबिनेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवा आणि त्यावर तारीख, खोलीचं तापमान आणि कार्डाचं तापमान लिहा. दर तीन महिन्यांनी तसंच मोजा. फरक ४५ चा ५५ झाला की ब्रश हातात घ्यायचा.