न वापरलेली सीडी खराब का होते?

"वापरलीच नाही, मग खराब कशी झाली?" लग्नाची, मुंजीची, बारशाची सीडी वीस वर्षांनी कपाटातून काढली आणि ती अडखळू लागली की हा प्रश्न हमखास येतो. यामागे कॅसेटच्या काळातली समजूत आहे. कॅसेटची फीत हेडवर घासायची, म्हणून जितकी वाजवाल तितकी झिजायची. सीडीला मात्र वाचताना काहीच टेकत नाही, फक्त लेझरचा प्रकाश पडतो. त्यामुळे ती वाजवून झिजत नाही आणि न वाजवल्याने टिकतही नाही. घरी किंवा स्टुडिओत राईट केलेल्या सीडीत माहिती रसायनाच्या थरात साठवलेली असते, आणि रसायनं बंद कपाटातही बदलत राहतात.

दुकानातून आणलेली गाण्यांची सीडी आणि आपण राईट केलेली सीडी दिसायला जवळपास सारख्या, पण आतून वेगळ्या. कारखान्यात छापलेल्या सीडीतली माहिती म्हणजे पॉलिकार्बोनेट प्लास्टिकमध्ये साच्याने उमटवलेले सूक्ष्म खळगे, आणि त्यांवर ॲल्युमिनियमचा पातळ थर. कोऱ्या सीडी-आरमध्ये, म्हणजे राईट करता येणाऱ्या सीडीत, असे खळगे नसतात. तिथे एक सर्पिल खाच असते, खाचेवर सेंद्रिय रंगद्रव्याचा थर, त्यावर चांदीचा (महागड्या डिस्कमध्ये सोन्याचा) आरसा आणि सगळ्यांत वर लॅकरचा, म्हणजे संरक्षक वार्निशचा, थर. रायटरचा लेझर खाचेवरून फिरताना ठरावीक जागी जोर वाढवतो. तिथलं रंगद्रव्य तापून विघटित होतं, लगतचं प्लास्टिकही किंचित विरूप होतं, आणि तो ठिपका पुढे वाचताना कमी प्रकाश परत पाठवतो. सर्वांत लहान ठिपका सुमारे 0.83 मायक्रोमीटर लांब, सर्वांत मोठा 3 मायक्रोमीटरच्या थोडा वर. ठिपका कुठे सुरू झाला आणि कुठे संपला, यावरून 0 आणि 1 ठरतात. म्हणून ठिपक्याची कड पुसट झाली की वाचण्यात चूक होते.

ही कड पुसट करणारा पहिला शत्रू म्हणजे प्रकाश. सुरुवातीच्या सीडी-आरमध्ये सायनिन जातीची रंगद्रव्यं होती. त्यांच्या रेणूत दोन वलयांना जोडणारी कार्बनची लांब साखळी असते. प्रकाश आणि ऑक्सिजन एकत्र आले की ही साखळी तुटते आणि रंग उडतो. नंतर आलेल्या थॅलोसायनिनचा रेणू बंद वलयाचा, त्यामुळे बराच चिवट. ॲझो रंगद्रव्याच्या डिस्क मागून गडद निळ्या दिसतात. मात्र डिस्कच्या रंगावरून तिच्या प्रकृतीचा अंदाज बांधू नका. सीडीचा लेझर 780 नॅनोमीटरचा, म्हणजे अवरक्त. त्याला काय दिसतं ते आपल्या डोळ्यांना दिसत नाही.

दुसरा शत्रू गंधक. चांदीची भांडी काळी पडतात तीच अभिक्रिया इथेही होते आणि चांदीचं सल्फाइड तयार होतं. 1980 च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या कारखान्यात छापलेल्या काही सीडी अशाच तांबूस पडल्या होत्या. त्यांच्यात ॲल्युमिनियमऐवजी चांदीचा थर होता आणि वरचं लॅकर वेष्टनाच्या कागदातल्या गंधकाला अडवू शकलं नाही. आपल्या सीडी-आरमध्ये बहुतेक वेळा चांदीच असते, हे इथे लक्षात घ्या.

तिसरा शत्रू दमटपणा, आणि कोकणात, मुंबईत तो वर्षातले चार महिने तरी मुक्कामाला असतो. हवा आणि ओल बहुधा कडेच्या फटीतून आत शिरते. सीडी आतून बाहेर लिहिली जाते, म्हणजे शेवटचा भाग बाहेरच्या कडेला येतो. त्यामुळे लग्नाच्या सीडीत मंगलाष्टका नीट दिसतात आणि पाठवणीला चित्र फुटतं, असं अनेकदा होतं. "सीडीला बुरशी लागली" असंही लोक म्हणतात. मध्य अमेरिकेतल्या बेलीझ या देशातून आणलेल्या एका सीडीचं प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम जिओट्रिकम नावाच्या बुरशीने खरोखर खाल्लं होतं. स्पेनच्या शास्त्रज्ञांनी 2001 साली त्याची नोंद केली. पण ते दुर्मिळ. आपल्याकडे दिसणारी बुरशी बहुतेक वेळा पृष्ठभागावरची असते आणि मऊ ओल्या कापडाने निघते.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. ही पडझड सुरू झाली तरी सीडी वर्षानुवर्षं बिनचूक चालते. त्याचं श्रेय अर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी 1960 साली मांडलेल्या एका गणिती कल्पनेला आहे. दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते, हे आपण शाळेत शिकलो. समजा, मला तुम्हाला दोन संख्या कळवायच्या आहेत. त्यांवरून मी आलेखावर एक रेषा काढतो आणि तिच्यावरचे सहा बिंदू पाठवतो. वाटेत दोन बिंदू बिघडले, आणि कोणते ते तुम्हाला माहीत नाही. तरीही चार बिंदू एका रेषेत दिसतील. दुसरी कुठलीही रेषा काढा, तिच्यावर खऱ्यांपैकी फार तर एक आणि बिघडलेले दोन, असे तीनच बसतील. म्हणजे चार बिंदूंची रेषा हीच खरी. तीन बिघडले तर मात्र तीनास तीन अशी बरोबरी होऊ शकते आणि निवाडा करता येत नाही. पण कोणते बिंदू बिघडले हे आधीच कळलं, तर चार गमावूनही भागतं, कारण रेषेला दोन पुरतात.

सीडीत रेषेऐवजी वरच्या घाताच्या बहुपदी असतात आणि आकडेमोड 256 घटकांच्या सांत क्षेत्रात, म्हणजे फक्त 256 संख्यांच्या बंदिस्त संचात, चालते, पण तत्त्व हेच. 24 बाइट माहितीला 4 जादा बाइट जोडतात, हे 28 बाइट दूरदूर विखुरतात आणि त्यानंतर पुन्हा 4 जोडतात. अशा एका तुकड्याला फ्रेम म्हणतात. एका गटाचा प्रत्येक पुढचा बाइट 4 फ्रेम लांब जातो, त्यामुळे पहिल्या आणि शेवटच्या बाइटमध्ये 108 फ्रेमचं अंतर पडतं. ओरखड्याने सलग हजारो बिट खाल्ले तरी एकेका गटाच्या वाट्याला मोजक्याच चुका येतात. वाचताना पहिली पायरी, म्हणजे सी-1, जमतील तेवढ्या चुका सुधारते आणि न जमलेल्या गटावर संशयाची खूण करते. विखुरलेले बाइट परत जागेवर आले की दुसरी पायरी, सी-2, त्या खुणा पाहते. कोणते बिंदू बिघडले हे तिला आयतं कळतं, म्हणून ती चार चुकांपर्यंत भरून काढते. सर्पिलातला सुमारे अडीच मिलिमीटरचा तुकडा सपशेल गेला तरी माहिती जशीच्या तशी हाती येते!

याची दुसरी बाजू अशी की बिघाड आपल्यापासून लपून राहतो. नवी कोरी सीडीही चुकांशिवाय नसते. सेकंदाला 7350 फ्रेम वाचल्या जातात आणि त्यांतल्या सरासरी 220 पर्यंत चुकीच्या असल्या तरी मानकाला ते चालतं. रंगद्रव्य फिकं होत जातं तसा हा आकडा वर्षानुवर्षं चढतो आणि पडद्यावर काहीही कळत नाही. मग एक दिवस सी-2 ची क्षमता संपते आणि फाइल उघडतच नाही. सीडी चालते, यावरून ती ठणठणीत आहे असं म्हणता येत नाही, ते यामुळे.

लग्नाच्या व्हीसीडीचं, म्हणजे चित्रफितीच्या सीडीचं, दुखणं यातही वेगळं. साध्या डेटा सीडीत सी-2 नंतर दुरुस्तीची तिसरी पायरी असते. प्रत्येक सेक्टरमधल्या, म्हणजे डिस्कवरच्या माहितीच्या एका ठरावीक तुकड्यातल्या, 2352 बाइटपैकी माहितीला 2048 मिळतात आणि 276 बाइट या दुरुस्तीला जातात. व्हीसीडीच्या चित्रफितीत ही पायरी काढून टाकली आणि 2324 बाइट चित्राला दिले. म्हणून 700 एमबीच्या डिस्कवर 800 एमबीच्या आसपास चित्रण मावतं. जागा मिळाली, संरक्षण गेलं. चेहऱ्यांवर येणारे ते रंगीत चौकोन त्याचाच परिणाम.

"शंभर वर्षं टिकणारी", "हजार वर्षं टिकणारी" अशा डिस्कच्या जाहिराती येतात. हजार वर्षं कोणी थांबून पाहिलेलं नाही. डिस्क 80 अंश सेल्सिअस आणि 85 टक्के आर्द्रतेत काही आठवडे ठेवतात, चुका मोजतात आणि तापमानानुसार अभिक्रियेचा वेग बदलण्याच्या सूत्रावरून घरच्या तापमानाचं आयुष्य काढतात. पद्धत शास्त्रीय आहे, पण ती उष्णतेने आणि दमटपणाने वेग घेणारे बिघाडच पकडते. चिकट लेबलने लॅकर उचललं जाणं तिच्यात येत नाही. व्हॉट्सॲपवरच्या उपायांना तर एवढाही आधार नसतो. टूथपेस्टने वाचण्याच्या बाजूचा हलका ओरखडा घासून कमी होऊ शकतो. उडालेलं रंगद्रव्य परत येत नाही. फ्रीझरमध्ये ठेवून बाहेर काढलेल्या डिस्कवर दव मात्र जमतं.

तेव्हा आधी कॉपी करा, साठवणीचा विचार नंतर. एक प्रत हार्ड डिस्कवर, दुसरी वेगळ्या घरी किंवा क्लाउडवर. मूळ डिस्क कडक डबीत, उभी, अंधाऱ्या, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. 20 अंशांच्या आसपासचं तापमान आणि 20 ते 50 टक्के आर्द्रता उत्तम. नाव लिहायचं तर मधल्या पारदर्शक कड्यावर, पाण्यात विरघळणाऱ्या शाईच्या मार्करने. सीडीची छापील बाजूच जास्त नाजूक, कारण तिथे आरशावर फक्त लॅकर असतं. बॉलपेनचा दाबही आरशापर्यंत जातो. डीव्हीडीत माहितीचा थर 0.6 मिलिमीटरच्या दोन चकत्यांमध्ये असल्याने हा धोका कमी. पुसताना गोल फिरवू नका, मधून कडेकडे सरळ पुसा. गोल ओरखडा एकाच मार्गावर लांबवर पसरतो आणि वर सांगितलेलं गणित तिथे हरतं.

लॅपटॉपमध्ये आता ड्राइव्ह नसतो, पण यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह अजून मिळतो. व्हीसीडी लावल्यावर 'एमपेगॲव्ह' हा फोल्डर उघडा, त्यातली डॅट फाइल म्हणजे आपली चित्रफीत. व्हीएलसी या प्लेअरमध्ये ती थेट चालते. कॉपी मधेच अडली तर आयसोबस्टर या सॉफ्टवेअरने सेक्टर-सेक्टर करून काढता येते, डेटा सीडीसाठी डीडीरेस्क्यू हे सॉफ्टवेअर आहे. तरीही नाहीच जमलं, तर दुसऱ्या कंपनीचा ड्राइव्ह लावून पाहा. प्रत्येक ड्राइव्हची लेझर आणि खाचेवर टिकून राहण्याची ताकद वेगळी असते. एकाला न वाचता आलेले सेक्टर दुसऱ्याला वाचता येतात, आणि डीडीरेस्क्यू कोणता भाग मिळाला याचा नकाशा ठेवत असल्यामुळे दोन्हीकडून आलेले तुकडे जोडून एकच पूर्ण प्रत तयार करता येते.